यादीबाहेरची स्त्री

कोठे दुष्काळ पडो, भूकंप होवो वा समुद्र किनाऱ्यावर चढून येवो, धान्याच्या गाड्या पोहोचण्यापूर्वी तेथे एक कागद पोहोचतो. त्या कागदास यादी म्हणतात. मदत कितीही मोठ्या मनाने निघालेली असो, ती माणसाच्या हाती पडते ती यादीच्या वाटेने. ज्याचे नाव यादीत, त्याची भूक खरी. ज्याचे नाव नाही, त्याने तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवावयाच्या. मदतीचा इतिहास बहुधा देणाऱ्यांच्या बाजूने सांगितला जातो. कोणत्या राष्ट्राने किती दिले, कोणत्या संस्थेने किती पाठविले, याचे आकडे त्यात असतात. आज आम्ही तो यादीच्या बाजूने सांगणार आहोत. त्यातही गेल्या पाऊणशे वर्षांत त्या यादीत स्त्री कशी आली, आणि स्त्री आली तरी काही स्त्रिया बाहेरच कशा राहिल्या, एवढाच आमचा विषय आहे.

दुसरे महायुद्ध संपल्यावर श्रीमंत राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांस पद्धतशीर साहाय्य करण्याचे युग सुरू झाले. जागतिक बँकेचा आराखडा १९४४ साली ठरला. जानेवारी १९४९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी मागास देशांस तांत्रिक ज्ञान देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. आपल्या देशात २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली, तीस अमेरिकेचे साहाय्य होते. या सर्व उद्योगांत मदतीचा घटक ठरला तो ‘कुटुंब’. कुटुंब म्हटले की त्याचा एक कर्ता पुरुष. त्याच्या हाती बी-बियाणे, खत आणि कर्ज दिले की ते घरात सर्वांस पोहोचले, असे गृहीत धरले गेले. आपल्या विकास योजनेतही ग्रामसेवक शेताच्या बांधावर गेला आणि ग्रामसेविका चुलीपाशी बसली. तिने शिवण, स्वयंपाक, बालसंगोपन शिकवावे, अशी योजना होती. ज्या बायका सकाळपासून सायंकाळपर्यंत दुसऱ्याच्या शेतात खुरपणी करीत होत्या, त्या ‘शेतकरी’ म्हणून कोणत्याच रकान्यात बसल्या नाहीत.

या गृहीताचे फळ कसे मिळाले हे पाहावयाचे तर पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या लहानशा देशाकडे वळावे लागेल. गांबिया नदीकाठच्या दलदलीत भात पिकवावयाचे काम पिढ्यान् पिढ्या स्त्रियांचे होते. भुईमुगाचे नगदी पीक पुरुषांचे. तेथील मांडिंका समाजात जमिनीचे दोन प्रकार मानीत. ‘मारुओ’ म्हणजे साऱ्या घराच्या पोटासाठी कसावयाचे शेत, आणि ‘कामान्यांगो’ म्हणजे ज्याने कसले त्याच्या मालकीचे पीक देणारे शेत. या दुसऱ्या प्रकारच्या भातखाचरांतून स्त्रीला स्वतःचे चार पैसे मिळत. आपल्याकडील स्त्रीधनाची आठवण व्हावी, अशीच ही सोय होती. १९६६ सालापासून तैवानचे कृषितज्ज्ञ, पुढे जागतिक बँक व चीन यांनी तेथे पाटपाण्याच्या भातशेतीच्या योजना आणल्या. तज्ज्ञांनी शेतकरी म्हणून पुरुषांस बोलाविले, पुरुषांस शिकविले, पुरुषांस कर्ज दिले. भाताची विद्या ज्यांच्या हाती होती त्या बाजूस राहिल्या.

ही चूक ध्यानात आल्यावर १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय कृषिविकास निधीच्या पैशांतून जाहाली-पाचार येथे नवी योजना झाली, आणि या वेळी खाचरांची नोंद स्त्रियांच्या नावे करावी असे ठरले. कागदावर तसे झालेही. परंतु ही खाचरे घराची, म्हणजे ‘मारुओ’ आहेत, असे घरातील कर्त्या पुरुषांनी ठरविले. एका शब्दाच्या फेरफाराने स्त्रीचा पिकावरील हक्क गेला आणि श्रम मात्र तिचेच राहिले. वर्षाला दोन पिके येऊ लागली म्हणजे ते श्रम वाढलेच. अनेक स्त्रियांनी मजुरी मिळाल्याशिवाय राबण्याचे नाकारले, घराघरांत भांडणे झाली. धान्य वाढले, पण ज्या बाईच्या नावे योजना होती तिच्या गाठीचे पैसे कमी झाले. ‘कुटुंब’ हा शब्द किती गोष्टी पोटात लपवितो, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

हे सर्व शास्त्रीय रीतीने प्रथम मांडले ते एस्टर बोसरप या डॅनिश अर्थशास्त्रज्ञ बाईंनी. १९५७ ते १९६० या काळात त्या भारतात राहून काम करीत होत्या. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी दाखविले की, कुदळीच्या शेतीच्या प्रदेशांत, विशेषतः आफ्रिकेत, शेती बव्हंशी स्त्रियांची होती. वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी व पुढे परदेशी तज्ज्ञांनी नवी अवजारे व नवी विद्या पुरुषांस देऊन स्त्रियांस मागे लोटले. या ग्रंथाचा परिणाम मोठा झाला. १९७३ मध्ये सिनेटर पर्सी यांच्या दुरुस्तीने अमेरिकेच्या परदेशी साहाय्याच्या कायद्यात स्त्रियांचा विचार करण्याचे बंधन आले. आपल्याकडे फुलरेणू गुहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, वीणा मजुमदार तिच्या सदस्य-सचिव असताना, १९७४ साली अहवाल दिला. दर हजार पुरुषांमागे १९०१ साली ९७२ स्त्रिया होत्या, त्या १९७१ साली ९३० उरल्या, हे त्या अहवालाने देशापुढे ठेवले. ‘कुटुंबा’च्या यादीत आता ‘स्त्री’ हा नवा रकाना आला. ही प्रगती लहान नव्हती, हे प्रथम कबूल केले पाहिजे.

परंतु रकाना आला की रकान्याचा दोषही येतो. ‘स्त्री’ म्हणजे कोण? हा प्रश्न साऱ्या जगापुढे उभा राहिला तो १९७५ च्या जूनमध्ये, मेक्सिको शहरात. संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या जागतिक महिला परिषदेबरोबर तेथे बिनसरकारी संस्थांचा एक मोठा मेळावा भरला होता. बोलिव्हियातील ‘सिग्लो वेइन्ते’ या कथलाच्या खाणीच्या वस्तीतून दोमितिला बारिओस दे चुंगारा नावाची खाणकामगाराची पत्नी तेथे आली होती. सात मुलांची आई, आणि खाणीतील गृहिणींच्या समितीची पुढारी. आपण सर्व स्त्रिया एकच आहोत, तेव्हा तुमच्या खाणीचे व संपांचे बोलणे क्षणभर बाजूस ठेवा, असे तिला एका प्रतिष्ठित बाईंनी सुचविले. त्यावर तिने जे विचारले ते तिच्या आत्मकथनात नमूद आहे. त्याचा आशय असा: बाई, तुम्ही रोज वेगळा पोशाख करून मोटारीतून येता, तुमच्या घरी चाकर आहेत, आमचे घर खाण कंपनीचे, नवरा मेला वा कामावरून निघाला की काही दिवसांत ते सोडावे लागते, आता सांगा, तुमच्या-माझ्या जीवनात सारखे काय आहे? हा मत्सराचा उद्गार नव्हता. आपल्या घरातील भूक नवऱ्याच्या मजुरीशी, ती मजुरी कथलाच्या बाजारभावाशी आणि तो भाव परदेशी व्यापाराशी बांधलेला आहे. यांतील एक धागा सोडून उरलेल्याचा विचार करता येत नाही, एवढेच तिला सांगावयाचे होते. आणि ती बोलून थांबली नाही. १९७७ च्या डिसेंबरात खाणकामगारांच्या चार स्त्रियांनी ला पाझ येथे जे उपोषण आरंभिले, त्यात ती सामील झाली. ते देशभर पसरले व जानेवारी १९७८ मध्ये लष्करी राजवटीस राजबंद्यांची सुटका मान्य करावी लागली.

येथे कोणी म्हणेल की, हा सारा पश्चिमेकडून आलेला विचार. आम्हांस तसे वाटत नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मातंग समाजातील मुलीने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला, तो ‘ज्ञानोदय’ पत्रात दोन भागांत छापला गेला. आमच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होत असतील याचा विचार तुम्ही आपल्या घरच्या अनुभवावरून करा, असे तिने उच्चवर्णीयांस बजाविले. बाळंतपणाचे दुःख सर्व स्त्रियांस आहे. परंतु छप्पर नसण्याचे दुःख जातीचे व दारिद्र्याचे आहे. आणि छपरावाचून बाळंत होणाऱ्या बाईचे दुःख या दोहोंची बेरीज करून कळत नाही, ते त्याहून वेगळेच आहे. ज्या विचारास पुढे विद्यापीठांत भारदस्त नाव मिळाले, तो विचार पुण्यातील एका शाळकरी मुलीने त्यापूर्वी सव्वाशेहून अधिक वर्षे अगोदर साध्या मराठीत मांडला होता.

मेक्सिकोनंतरच्या दहा वर्षांत हा सूर सर्वत्र उमटू लागला. अमेरिकेत बॉस्टन येथे काळ्या स्त्रियांच्या एका मंडळाने १९७७ साली जाहीरनामा काढला. वर्ण, वर्ग व स्त्रीत्व यांची ओझी आम्ही एकाच वेळी वाहतो, ती एकेक करून उतरविता येत नाहीत, असा त्याचा गाभा होता. १९८० च्या दशकाच्या मध्यास, मुंबईत जन्मलेल्या चंद्रा तळपदे मोहंती यांनी आपल्या गाजलेल्या निबंधात पाश्चात्त्य विदुषींवर एक रोखठोक आक्षेप घेतला: तुमच्या लेखनात ‘तिसऱ्या जगातील स्त्री’ नावाची एकच एक दीनवाणी बाई दिसते, तिला ना जात, ना गाव, ना इतिहास. आणि ऑगस्ट १९८४ मध्ये देवकी जैन यांच्या पुढाकाराने गरीब देशांतील अभ्यासक व कार्यकर्त्या स्त्रिया बंगळूर येथे जमल्या. त्यांतून ‘डॉन’ नावाची संघटना निघाली. तिच्या वतीने गीता सेन व कॅरन ग्राउन यांनी सिद्ध केलेला प्रबंध पुढील वर्षी नैरोबीच्या जागतिक परिषदेपुढे आला. त्या प्रबंधाने मदतीच्या मूळ प्रश्नासच हात घातला. स्त्रियांस विकासात सामील करून घ्या, एवढे म्हणणे पुरेसे नाही; ज्या विकासात सामील व्हावयाचे तो कोणाचा, हे आधी विचारा; आणि ते विचारताना सर्वांत गरीब स्त्रीच्या जागेवर उभे राहून पाहा, असे त्यांचे सांगणे होते.

या विचाराला नाव मिळाले ते १९८९ मध्ये, किंबर्ले क्रेन्शॉ या अमेरिकन कायदेपंडित बाईंच्या निबंधात. त्यांनी एक खटला घेतला. जनरल मोटर्स या कारखान्याने १९६४ पूर्वी एकाही काळ्या स्त्रीस कामावर घेतले नव्हते. पुढे मंदी आली, शेवटी आलेल्यांस प्रथम काढावयाचे ठरले, आणि काळ्या स्त्रियांची नोकरी गेली. पाच जणींनी दाद मागितली. १९७६ साली न्यायालयाने म्हटले, कारखान्यात स्त्रिया आहेत, सबब स्त्री म्हणून अन्याय नाही. काळ्या वर्णाचा प्रश्न वेगळा मांडा. दोन्ही एकत्र करून तिसरा हक्क निर्माण होत नाही. परंतु त्या स्त्रिया गोऱ्या होत्या, आणि कारखान्यातील काळे कामगार पुरुष होते! क्रेन्शॉ यांनी चौरस्त्याचा दृष्टांत दिला. चौकात उभ्या असलेल्या माणसास अपघात झाला, तर धडक कोणत्या रस्त्याने आली हे सांगणे कठीण; म्हणून अपघातच झाला नाही, असे म्हणावयाचे काय? मराठीत या विचारास आज ‘आंतरछेदिता’ म्हणतात. शब्द जड आहे; ‘चौकातली बाई’ म्हटले तरी अर्थ कळतो. योगायोग असा की, त्याच १९८९ साली ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक मराठीत आले, आणि आंबेडकरी चळवळीतील ज्या स्त्रियांस ना चळवळीच्या इतिहासात पुरते स्थान होते ना स्त्रीमुक्तीच्या, त्यांची नावे प्रथमच एकत्र लिहिली गेली.

आता पुन्हा यादीकडे येऊ, कारण विचार कितीही उंच असला तरी त्याची कसोटी तेथेच लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाची प्रचंड योजना झाली. ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. त्या गावांत घर केवढे मिळावयाचे, हे जमिनीवरून ठरले. भूमिहीनास व हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४००, आणि त्याहून अधिक असणाऱ्यास ७५०. जमीन हलली, वाडे आणि झोपड्या एकाच क्षणी पडल्या. पण सातबाराचा उतारा मात्र जागचा हलला नाही! त्या उताऱ्यावर बाईचे नाव क्वचित, आणि भूमिहीनांत दलितांची संख्या मोठी. तेव्हा भूमिहीन घरातील दलित विधवेच्या वाट्यास काय आले असेल, हे सांगावयास नको. मात्र याच योजनेत दुसरीही एक गोष्ट घडली, ती न सांगणे अन्यायाचे होईल. घरांच्या दुरुस्ती व मजबुतीच्या कामात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला मंडळांस ‘संवाद सहायक’ नेमले गेले. सिमेंट किती, लोखंड किती, हप्ता केव्हा, याची माहिती बायकांनी बायकांस दिली, कामावर लक्ष ठेवले. यादी करणाऱ्याच्या शेजारी गावची बाई बसली की यादी बदलते, एवढे त्यावरून दिसून आले.

त्यानंतर अकरा वर्षांनी, २६ डिसेंबर २००४ रोजी, त्सुनामीच्या लाटा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आल्या. नागपट्टणम जिल्ह्यात त्या वेळच्या नोंदीप्रमाणे २,४०६ स्त्रिया व १,८८३ पुरुष मेले. पुरुष होड्यांतून खोल समुद्रात होते, तेथे लाट जाणवली नाही. स्त्रिया किनाऱ्यावर मासळीची वाट पाहत उभ्या होत्या. जगभरातून मदत आली. तीतून प्रथम भरपाई झाली ती होड्यांची आणि जाळ्यांची, कारण त्या मोजता येतात. डोक्यावर पाटी घेऊन मासे विकणाऱ्या बाईची होडी नव्हती. तिचे भांडवल पाटीत होते, ते वाहून गेले. आणि किनाऱ्यालगतच्या शेतांत व मासेमारीच्या आधाराने मजुरी करणारे दलित तर ‘मच्छीमार’ या यादीतच नव्हते. त्यांस मदत उशिरा पोहोचली, कोठे छावणीत वेगळे बसविले गेले, कोठे येऊ दिले नाही. हे मानवी हक्क संघटनांनी नोंदवून ठेवले आहे. त्यांच्यातील मजूर स्त्री मच्छीमार नव्हती म्हणून एका यादीतून गळली, कुटुंबप्रमुख नव्हती म्हणून दुसऱ्या यादीतून गळली. हीच ती चौकातली बाई.

पुढे मोठ्या संस्थांनी हा विचार मान्य केला. वंशभेदाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००० साली वंशभेदाचा स्त्रियांवर होणारा वेगळा परिणाम पाहावयाचे ठरविले. स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धच्या समितीने २०१० मध्ये आंतरछेदिता हा आपल्या कामाचा पाया मानला. कॅनडाने २०१७ मध्ये आपले सारे परदेशी साहाय्य स्त्रीवादी धोरणाने द्यावयाचे जाहीर केले. परंतु मान्यतेबरोबर एक नवाच धोका आला. चौकातली बाई अर्जातील एक रकाना झाली. अनुदान मागणाऱ्या संस्थेने जात, अपंगत्व, वय यांपुढे खुणा केल्या की विचार झाला, असे होऊ लागले. आणि जे राजधानीत बसून दिले ते राजधानीत बसून काढूनही घेता येते. स्वीडनने २०१४ साली जाहीर केलेले स्त्रीवादी परराष्ट्र धोरण २०२२ मध्ये सोडले. १९७४ पासून विकासातील स्त्रियांसाठी स्वतंत्र कचेरी चालविणारी अमेरिकेची साहाय्यसंस्था २०२५ च्या जुलैत बंद झाली. देणाऱ्याच्या मर्जीवर उभा असलेला हक्क हा हक्क नव्हे, हे दोमितिलेने सांगितले होतेच.

एक शंका प्रामाणिक आहे व तिला उत्तर दिले पाहिजे. स्त्रीस्त्रीत असे भेद काढीत गेलो तर एकी कशी राहील? प्रत्येकीची वेगळी यादी करावयाची काय? आमचे उत्तर असे की, भेद मांडल्याने उत्पन्न होत नाहीत. ते आधीच असतात आणि न मांडल्याने ज्यांस लाभ होतो त्यांस ते दिसत नाहीत, इतकेच. वेगळ्या याद्यांचीही गरज नाही. यादीचा आरंभ कोठून करावयाचा, हे मात्र बदलले पाहिजे. नळयोजना आखताना चावडीपासून आरंभ केला तर नळ वाटेत कोठे तरी संपतो. शेवटच्या वस्तीतील शेवटच्या घरापर्यंत पाणी न्यावयाचे असे ठरवून नकाशा काढला, तर मधली सारी घरे आपोआप पाण्यावर येतात. बंगळूरच्या त्या बैठकीने साऱ्या जगास हेच सांगितले.

या इतिहासात एक गोष्ट प्रत्येक वळणावर दिसते. यादीतील चूक बहुधा यादी करणाऱ्यांस दिसली नाही. ती यादीबाहेर राहिलेल्या बाईने दाखविली. गांबियातील शेतकरी स्त्रियांनी ती काम नाकारून दाखविली, खाणीतल्या गृहिणीने प्रश्न विचारून, पाच कामगार स्त्रियांनी न्यायालयात जाऊन, आणि मुक्ताने निबंध लिहून. आपल्या नगरांतही याद्या रोज होत असतात. झोपडपट्टीच्या पुनर्वसनाची यादी, शिधापत्रिकेची यादी, पूरग्रस्तांची यादी. त्यांत परित्यक्तेचे नाव ना माहेरच्या कार्डावर असते ना सासरच्या. घरकाम करणाऱ्या भाडेकरू बाईजवळ राहत असल्याचा पुरावा नसतो. अशी यादी पुढे येईल तेव्हा त्यात किती नावे आहेत हे सांगणारे पुष्कळ भेटतील. कोणाचे नाव नाही, हे विचारावयास कोणी तरी लागते. आणि ते उत्तर जिला ठाऊक आहे तिला त्या मेजापाशी खुर्ची द्यावी लागते.